'माझ्यात' पूर आला, म्हणजे नक्की कुणात?

प्रश्न असा आला आहे: २०२५ च्या पंजाबच्या पुराच्या बातम्यांत 'माझातील गावे' असं वाचलं. 'माझातील' बरोबर की 'माझ्यातील'? आणि पंजाबातल्या या प्रदेशाचं नाव 'माझा', ते म्हणजे आपलाच 'माझा' का?

सामान्यरूपाकडे येतो. आधी ते 'मांझा' म्हणणं थांबवा! बातम्या वाचणाऱ्यांपैकी निम्मे तसं म्हणतात. मांझा पतंगाचा. जुन्या ब्रिटिश गॅझेटियरांत अनुस्वार आहे, हे माहीत आहे मला. पण तिथला माणूस स्वतःला 'मझैल' म्हणवतो, त्यात अनुस्वार कुठे आहे? झ सुद्धा आपल्या 'माझा'तला नको, 'माझी'तला तालव्य घ्या. खरं तर अमृतसरकडे 'माजा'च्या जवळचं काहीतरी ऐकू येतं. पंजाबी जीभ 'झ'मधला हकार गिळते आणि त्याची भरपाई आधीच्या 'मा'वर सूर चढवून करते.

आता गंमत. संस्कृत 'मध्य'चं प्राकृतात झालं 'मज्झ'. त्यातून पंजाबीत माझा, म्हणजे मधला मुलूख, एका अंगाला रावी आणि दुसऱ्या अंगाला बियास-सतलज. आपल्याकडे त्याच मज्झाचं माजघर झालं, 'परिमळांमाजि कस्तुरी'तलं माजि झालं, आणि जुन्या मराठीत कंबरेला म्हणत तो माजही. (मस्तवालाचा माज वेगळा, तो मदाचा.) आणि आपला 'माझा'? तो संस्कृत 'मह्यम्'पासून. पण 'मह्यम्'चं प्राकृतात काय झालं? तेही 'मज्झ'! दोन परके शब्द प्राकृताच्या उंबऱ्यावर एकाच अंगरख्यात उभे. नातं शून्य, चेहरा तोच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी जेवणावरून उठलो होतो.

मधला मुलूख आता मधला राहिलेला नाही, ते सोडा. १९४७ साली रेघ त्याच्या पोटातूनच गेली: लाहोर, कसूर तिकडे, अमृतसर, तरनतारन, गुरदासपूर, पठाणकोट इकडे. पट्टी आणि खेमकरण त्याआधी लाहोर जिल्ह्यातल्या कसूर तहसिलीत होती. आज खेमकरणच्या पुढे लगेच सरहद्द.

संत नामदेव जिथे राहिले ते घुमान याच गुरदासपूर जिल्ह्यात. २०१५ चं ८८ वं साहित्य संमेलन तिथे भरल्यापासून एक पुडी फिरते, की नामदेवांनी 'हा प्रदेश माझा' म्हटलं म्हणून मुलखाला माझा हे नाव पडलं. एका विद्वानांनी मला हे व्यासपीठावरून ऐकवलं, टाळ्याही घेतल्या. अहो, नामदेवांचं प्रेम कबूल, ग्रंथसाहिबातली त्यांची ६१ पदंही कबूल, पण म्हणून व्युत्पत्तीला हार घालायचा? माझी समजूत उलटी आहे. अभंगात 'माजी' म्हणणाऱ्या त्या माणसाला हे नाव ऐकताच अर्थ कळला असणार, कुणी सांगावा लागला नसणार. पुरावा मागू नका.

हां, सामान्यरूप. गोवा-गोव्यात, आग्रा-आग्र्यात, तसंच माझा-माझ्यात. 'माझातील' चूक. पण 'माझ्यात पूर' असा मथळा छापवत नसेल तर 'माझा भागात' लिहा. आणि पंजाबचा मालवा सतलजच्या दक्षिणेला, इंदूर-उज्जैनचा माळवा निराळा. तेवढं आत्ताच सांगून ठेवतो, पुढचं पत्र वाचेल.