खेळण्यांच्या पेटीला किती जाडीचा प्लाय?

प्रश्न : नातवंडांसाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटी करून घ्यायची आहे. सुतार सगळीकडे १९ एमएम प्लाय लावा म्हणतात. एवढा लागतो का?

उत्तर : नाही. सगळी १९ची केली तर पेटी रिकामीच साधारण २५ किलो भरेल. बाजूंना आणि तळाला १२ एमएम पुरे; तळाखाली मधोमध एक आडवी पट्टी द्या. १२च्या कडेत थेट स्क्रू मारला की थर उकलतात. म्हणून कोपऱ्यांत आतून इंचभर जाडीची लाकडी पट्टी फेविकॉलने बसवा आणि ३० एमएमचे स्क्रू बाहेरून त्या पट्टीत घ्या.

झाकण मात्र १९चेच, कारण मुले त्यावर चढणारच. सनमायका दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूने लावल्यास झाकण वाकते. पाच किलोचे हे झाकण बोटांवर किंवा मानेवर आदळू शकते. त्यामुळे कुठेही थांबून राहील असा झाकणाचा आधार बसवा. नुसती साखळी चालणार नाही. कुलूप, कडी नको. आत मूल लपलेच तर हवेसाठी मागे आणि बाजूंना भोके ठेवा.