आधी समेट, मग अर्पण

प्रिय मुला,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. तरुण संघाचे काम, पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा उपवास हे सारे नेमाने चालू असूनही देव दूर गेल्यासारखा वाटतो, असे तू लिहितोस आणि प्रार्थनेची वेळ वाढवावी का, असे विचारतोस. पण त्याच पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक वाक्य आहे: ताईने आपल्या ख्रिस्ती मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न केले, तू लग्नाला गेला नाहीस आणि वर्षभर तुमचे बोलणे नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यापाशी दिसते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील तेविसावे आणि चोविसावे वचन सावकाश वाच. वेदीजवळ दान घेऊन आलेल्या माणसाला आठवते, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. रुसलेला आहे भाऊ, पण उठून जायचे आहे दान आणणाऱ्याने. येशूच्या तोंडून हे ऐकणारे बहुतेक गालीलकर होते आणि वेदी होती यरुशलेमेत, शंभराहून अधिक किलोमीटरांवर. दान तिथेच ठेवून गावी जायचे, भावाची समजूत काढायची आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवायची, म्हणजे किती दिवस मोडणार, हे त्यांना ऐकताक्षणीच कळले असेल. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर याचा हिशेबच दिला आहे: शेजाऱ्याला फसवून घेतलेले पुरते परत करावे, वर पाचवा हिस्सा द्यावा आणि मग दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल अर्पायचा, मेंढा याजकाकडे न्यावा.

हा हिशेब मला एकदा स्वतः चुकता करावा लागला. वडील देवाघरी गेल्यावर त्यांचे पैसे आम्ही दोघा भावांनी वाटून घेतले, तेव्हा दवाखान्याचा खर्च वजा करताना मी आकडा फुगवला आणि दादाच्या वाट्याचे अकरा हजार माझ्याकडे राहिले. दादाला संशय होता, पण तो एका शब्दाने बोलला नाही. पुढे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या, दिवशी द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचे तबक माझ्यापुढे आले आणि माझा हात उचलेना. त्या आठवड्यात मी तेरा हजार दोनशे रुपये घेऊन गावी गेलो. दादा कांदाचाळीत कांदा निवडत होता. मी सारे सांगेपर्यंत त्याने मान वर केली नाही. सडका कांदा एका बाजूला, चांगला दुसऱ्या बाजूला, असे त्याचे हात चालूच होते. मग त्याने पैसे घेतले, न मोजता खिशात घातले आणि आत पाहून म्हणाला, "याला चहा दे." त्या दिवशी तो एवढेच बोलला. पुढचे बरेच महिने आमच्यात अवघडलेपण होते, तरी मला प्रार्थनेला बसता येऊ लागले.

ताईशी बोलणे सोडणे म्हणजे विश्वासाशी एकनिष्ठ राहणे, असे कदाचित तुला वाटत असेल. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली होऊन ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मार्गाने गेल्या नाहीत. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परत आल्या, त्याही आपले सोवळे पाळतच, आणि टिळकांनी त्यांना तशाच घरात घेतले. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. टिळकांचा विश्वास यामुळे पातळ झाला, असे कोण म्हणेल? (ताई उद्या मंडळीत परत येईल, या हिशेबाने मात्र जाऊ नकोस, तिला ते दारातच कळेल.)

तिथे गेल्यावर लग्नाचा विषय काढून तुझी बाजू मांडू नकोस. लग्नाला आलो नाही ही माझी चूक झाली, एवढे सांग आणि ती जे बोलेल ते ऐकून घे. तिने दार उघडले नाही, तर परत ये आणि काही दिवसांनी पुन्हा जा. तिच्या नवऱ्याला नावाने हाक मार; तुझ्या अख्ख्या पत्रात त्याचे नाव कुठेही नाही.

या शुक्रवारी उपवास नको. ताईकडे जा आणि ती वाढेल ते जेव.

तुझा,
काका