राज्याचा ‘अ‍ॅटर्नी जनरल’: महाधिवक्ता की महान्यायवादी?

न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्याविषयीच्या मराठी मजकुरात कोठे ‘महाधिवक्ता’, कोठे ‘महान्यायवादी’, तर कोठे सरळ ‘सरकारी वकील’ असे पदनाम दिसते. यांपैकी योग्य कोणते, आणि महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यांचे पद तेच मानायचे काय, असा प्रश्न एका वाचकांनी विचारला आहे. माझे मत असे की ‘महान्यायवादी’ लिहावे किंवा मूळ पदनामच देवनागरीत ठेवावे, ‘महाधिवक्ता’ टाळावे आणि ‘सरकारी वकील’ तर मुळीच लिहू नये. याची कारणे कोशापेक्षा या पदांच्या इतिहासात अधिक सापडतात.

आपल्याकडे हा घोळ का होतो, ते आधी पाहू. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७६ नुसार केंद्राला अ‍ॅटर्नी जनरल असतो आणि अनुच्छेद १६५ नुसार प्रत्येक राज्याला अ‍ॅडव्होकेट जनरल असतो. पहिल्याला आपण महान्यायवादी म्हणतो, दुसऱ्याला महाधिवक्ता. त्यामुळे ‘केंद्राचा तो महान्यायवादी आणि राज्याचा तो महाधिवक्ता’ असे समीकरण मनात पक्के बसते, आणि अमेरिकेतील एखाद्या राज्याची बातमी आली की लिहिणाऱ्याच्या लेखणीतून ‘महाधिवक्ता’ उतरतो. परंतु हे समीकरण आपल्या संविधानापुरते आहे. अमेरिकेत केंद्राच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही अधिकाऱ्यांचे पदनाम एकच आहे, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या हाताखाली नाही.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ पाहिला तर मराठीत त्याला अगदी नेमका जोड मिळतो. ‘अ‍ॅटर्नी’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्यासाठी नेमलेला माणूस, म्हणजेच मुखत्यार. राजा स्वतःच्याच न्यायालयात पक्षकार म्हणून जातीने उभा राहू शकत नसे. म्हणून इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून राजाचे मुखत्यार त्याच्या वतीने न्यायालयात दिसतात, आणि १४६१ मध्ये ‘अ‍ॅटर्नी जनरल’ हे पदनाम आढळते. यातील ‘जनरल’ हे विशेषण आहे, सेनापतीचा हुद्दा नव्हे. एखाद्याच प्रकरणापुरता नव्हे, तर सर्व प्रकरणांसाठी नेमलेला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या दस्तऐवजांतील ‘कुलमुखत्यार’ या शब्दात हाच अर्थ तंतोतंत उतरला आहे, तर ‘महा’ या उपसर्गाने व्याप्तीऐवजी थोरवी सुचते. जाता जाता हेही नोंदवावेसे वाटते की ‘वकील’ हा शब्दसुद्धा मराठेशाहीत न्यायालयापेक्षा दरबारातील प्रतिनिधीसाठी अधिक वापरला जाई, आणि शाह आलम बादशहाने १७८४ मध्ये महादजी शिंदे यांच्या प्रयत्नाने पेशव्यांना दिलेल्या ‘वकील-इ-मुतलक’ या पदवीचा अर्थ ‘सर्वाधिकारी प्रतिनिधी’ असाच होता. अर्थात ते पद राज्यकारभाराचे होते, कायदेविषयक नव्हते. ‘कुलमुखत्यार’ आज खाजगी दस्ताशी इतका घट्ट जोडला गेला आहे की पदनाम म्हणून तो सुचवण्यात अर्थ नाही. पण अर्थ समजून घ्यायला त्याच्याइतका उपयोगी शब्द दुसरा नाही.

इंग्रजांच्या वसाहतींबरोबर हे पद अमेरिकेत गेले. व्हर्जिनियात १६४३ मध्ये रिचर्ड ली त्या पदावर होते, म्हणजे संयुक्त संस्थाने जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तेथे हे पद नांदत होते. केंद्राचा अ‍ॅटर्नी जनरल १७८९ च्या कायद्याने आला. पहिले एडमंड रँडॉल्फ, आणि त्यांच्या पदाभोवतीचे न्याय खाते तर १८७० मधले. राज्यांतील पदाला खरे वळण मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, निवडणुकीमुळे. न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेने हे पद मतदारांच्या हाती दिले, आणि आज पन्नासपैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल लोक निवडून देतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग येथे राज्यपाल (तेथे हे लोकांनी निवडलेले राज्य सरकारचे प्रमुख असतात) नेमणूक करतात, मेनमध्ये विधिमंडळ निवड करते, आणि टेनेसीत राज्याचे सर्वोच्च न्यायालय आठ वर्षांसाठी नेमते. मतदारांनी निवडलेला अधिकारी राज्यपालाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. तो विरोधी पक्षाचाही असू शकतो, आणि राज्यपालाशी त्याचे जाहीर मतभेदही होऊ शकतात. म्हणूनच तो ‘सरकारचा वकील’ यापेक्षा ‘राज्यातील जनतेचा मुखत्यार’ ठरतो.

या फरकाचे सर्वांत ठळक उदाहरण तंबाखूच्या खटल्यांचे आहे. १९९४ मध्ये मिसिसिपीचे अ‍ॅटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. त्यांचा युक्तिवाद साधा होता: धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरीब रुग्णांच्या उपचारांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो, तेव्हा तो कंपन्यांनी भरून द्यावा. त्यांच्याच राज्याच्या राज्यपालांनी या दाव्याला विरोध केला, तरी दावा चालला. एकामागून एक राज्ये पुढे आली. मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास आणि मिनेसोटा यांनी वेगळ्या तडजोडी केल्या, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये उरलेल्या ४६ राज्यांशी चार मोठ्या कंपन्यांचा करार झाला. पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे त्यात ठरले. राज्यपालांच्या मर्जीने नेमलेल्या कायदा सल्लागाराला त्यांच्याच विरोधाला न जुमानता असा दावा रेटता आला असता, असे मला वाटत नाही. ‘सरकारी वकील’ हा शब्द येथे का बसत नाही, तेही यातून कळावे. तेथील बहुतेक फौजदारी खटले जिल्हा पातळीवरील सरकारी वकील चालवतात. अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीचे मोठे काम ग्राहक संरक्षण, मक्तेदारीविरोधी दावे, राज्याच्या बाजूची अपिले आणि धर्मादाय संस्थांवरील देखरेख हे असते.

धर्मादायाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तेथे मुंबईचा धागा जुळतो. आपले अ‍ॅडव्होकेट जनरल हे पद ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांत होते, आणि इंग्लंडमध्ये धर्मादाय निधींचे रक्षण करण्याचे जे काम अ‍ॅटर्नी जनरलकडे होते, ते येथे त्याच्याकडे आले. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. आर्नोल्ड यांच्यापुढे चाललेला, इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू आगाखान यांच्याविरुद्धचा आणि खोजा समाजाच्या सामाईक मालमत्तेविषयीचा प्रसिद्ध खोजा खटला खोजा समाजातील काही लोकांच्या सांगण्यावरून, पण नावाने अ‍ॅडव्होकेट जनरलचा होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९२ मध्येही, १९७६ ची दुरुस्ती होईपर्यंत, सार्वजनिक न्यासाविरुद्ध दावा लावायला त्याची संमती लागत असे. म्हणजे आपला महाधिवक्ताही एके काळी बराचसा जनतेचा मुखत्यार होता. आज अनुच्छेद १६५ नुसार त्याची नेमणूक राज्यपाल करतात, त्यांची मर्जी असेतो तो पदावर राहतो, शासनाला सल्ला देणे हे त्याचे मुख्य काम आहे, आणि अनुच्छेद १७७ नुसार त्याला विधिमंडळात बोलता येते, मत देता येत नाही. संविधानाचे भाष्यकार एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे, आधी मुंबई राज्याचे आणि १९६० पासून महाराष्ट्राचे, महाधिवक्ता होते. त्यांच्या विद्वत्तेने या पदाची शान वाढली, पण पदाचे स्वरूप अधिवक्त्याचेच राहिले, आणि ‘महाधिवक्ता’ हा शब्द त्याला शोभतो.

तेव्हा न्यूयॉर्कविषयी लिहिताना पहिल्या उल्लेखात ‘न्यूयॉर्क राज्याच्या लोकनिर्वाचित महान्यायवादी’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘महान्यायवादी’. केंद्राच्या अधिकाऱ्याचा उल्लेख त्याच बातमीत असेल, तर त्याला ‘अमेरिकेचे महान्यायवादी’ म्हणून वेगळे दाखवावे. लिंगाची अडचणही या शब्दात फारशी येत नाही: ‘महान्यायवादी लेटिशिया जेम्स यांनी’ हे सहज वाचले जाते, आणि आदरार्थी ‘महान्यायवादींनी’ हे रूप स्त्री-पुरुष दोघांनाही चालते. ‘महाधिवक्ता’ पदावर स्त्री असेल, तर संस्कृत वळणाने ‘महाधिवक्त्री’ होईल. मात्र पदनाम म्हणून दोघांसाठी ‘महाधिवक्ता’ ठेवून क्रियापदाने लिंग दाखवले, तरी ते मला अशुद्ध वाटत नाही.