घडी पुन्हा विस्कटेल

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पहाटे तीनला लिहिलेलं आहे, हे वेळ न पाहताही कळलं असतं. वाक्यं मध्येच तुटली आहेत आणि एकच प्रश्न तीनदा आलाय: 'आमचं नेमकं काय चुकतंय?' थोरली तीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा, नोकरी तुम्हा नवराबायको दोघांनाही. किती खटपट करून झोपेची, जेवणाची, अंघोळीची घडी बसवलीत. महिनाभर बरं चाललं आणि गेल्या आठवड्यात सगळं विस्कटलं.

चुकलं काहीच नाही. ज्या बाळासाठी ती घडी बसवली होती, ते बाळ आता तसं राहिलेलं नाही. पाच महिन्यांचं बाळ जिथे ठेवाल तिथे सापडतं. आठ महिन्यांचं रांगत दाराशी पोचतं. शिवाय याच सुमारास त्याला एक मोठी गोष्ट उमगू लागते: माणूस डोळ्यांआड झालं तरी ते कुठेतरी असतंच. म्हणजे आई आहे, पण माझ्याजवळ नाही. म्हणून रात्री जाग आली की पूर्वी कूस बदलून झोपणारं तेच बाळ उठून बसतं आणि टाहो फोडतं. तुम्हाला वाटतं सवय बिघडली. खरं म्हणजे त्याची समज वाढली. जवळ जा, थोपट, दोन शब्द बोल. हे रडणं काही महिने राहील आणि दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात ओसरू लागेल.

येत्या वर्षात असं अनेकदा होणार आहे. धाकटा उभा राहील, चालेल. दात येत राहतील. वीसच्या वीस दुधाचे दात यायला साधारण अडीच-तीन वर्षं लागतात. दिवसाच्या दोन झोपांची एक होईल, बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, आणि ती होताना दोन-तीन आठवडे तो संध्याकाळी अगदी रडकुंडीला येईल. तिकडे थोरली दुपारची झोप सोडायला लागेल. तीन ते पाच वर्षांत बरीच मुलं ती सोडतात. म्हणजे एक मूल झोपतं तेव्हा दुसरं जागं, हे ठरलेलंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केलेली शिफारस अशी: एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३. हे आकडे भिंतीवर लावू नकोस. मी लावले होते. माझ्या वेळी आकडे वेगळे असतील, कागद मात्र तसाच होता, आणि त्यातली एखादी वेळ चुकली की मी मुलावर नाही तर नवऱ्यावर चिडायचे. त्या कागदापायी आमचे कित्येक महिने कडवट गेले. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

एकच गोष्ट पक्की धर: झोपेआधीचा अर्धा तास. दिवे मंद, तेच पुस्तक, तेच गाणं, तोच क्रम. बाकी दिवस कसाही जाऊ दे.

आता आजारपणाचं. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते, पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्यांना त्याहून जास्त. एकेक सर्दी आठ-दहा दिवस टिकते. दोन मुलं, मग त्यांच्याकडून तुम्ही दोघं. गुणाकार तूच कर. वर्षातले कित्येक महिने घरात कुणाचं ना कुणाचं नाक गळत असणार आणि त्यात तुमच्या निष्काळजीपणाचा काही संबंध नाही. हे आधीच माहीत असलं की दर वेळी धक्का बसत नाही.

पण माहीत असून भागत नाही, ठरवून ठेवावं लागतं. आमच्याकडे रजा कुणी घ्यायची ते सकाळी साडेसातला ठरायचं, तापलेलं मूल खांद्यावर घेऊन. ज्याचं काम जास्त महत्त्वाचं वाटायचं तो बाहेर पडायचा. ते काम माझं कधीच ठरलं नाही. मी काही बोलले नाही, मनात मात्र साठवत गेले आणि ते फार वर्षांनी, भलत्याच भांडणात बाहेर पडलं. तुम्ही आजच ठरवा: पहिला दिवस तुझा, दुसरा तिचा, मग पुन्हा तुझा. त्या दिवशी ऑफिसात काहीही असो.

तापाच्या आकड्यापेक्षा मुलाकडे बघ. (तीन महिन्यांच्या आतलं बाळ वेगळं, त्याला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तरी लगेच डॉक्टर गाठायचा. तुमचा तो टप्पा मागे पडला.) मूल पितंय, शू होतेय, ताप उतरला की खेळतंय, तर धीर धर. मलूल पडलं, श्वास जोरात किंवा ओढून घेतंय, काही पीत नाही, कित्येक तास लंगोट कोरडाच आहे, तर सकाळची वाट पाहू नकोस.

थोरली पुन्हा अंथरूण ओलं करते असं लिहिलंयस. तिला रागावू नका, आणि 'आता तू मोठी झालीस' हे वाक्य घरातून काढून टाका. तीन वर्षांची मुलगी मोठी नसते, घरातल्या दुसऱ्या मुलापेक्षा मोठी असते, इतकंच. तिने पाहिलंय की जो चालत नाही, बोलत नाही, कपडे ओले करतो, त्यालाच उचलून घेतात. तिचं तर्कशास्त्र बरोबर आहे. रोज दहा मिनिटं तिची एकटीची ठेव. फोन दुसऱ्या खोलीत. खेळ तिने निवडायचा, तू शिकवायचं नाहीस, सुधारायचं नाहीस. दहाच मिनिटं, पण रोज. अंथरूण कधी कोरडं राहील ते मी सांगू शकत नाही. तिची तुझ्याकडे बघायची नजर कशी बदलते ते मात्र तुला आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेल.

तिच्या खेळण्यांतले मणी आणि बारीक तुकडे आता धाकट्याच्या हाताशी आले आहेत. एकदा स्वतः जमिनीवर रांगून घर बघ. रिमोटमधल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आधी शोध. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात जायचं.

तुझ्या पत्रातली सर्वांत छोटी, बायकोबद्दलची ओळ मी सर्वांत जास्त वेळा वाचली: 'ती हल्ली गप्प असते.' तू ती लिहून पुढे गेलास. मला पुढे जाता आलं नाही. जगभरात बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य, आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच दिसेल असं नाही; वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं. वडिलांमध्येही साधारण दहातल्या एकाला ते होतं, म्हणून स्वतःकडेही बघ. 'काय झालंय' असं विचारलंस तर ती 'काही नाही' म्हणेल. 'बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?' असं विचार. 'कशात मन लागतं का?' असं विचार. उत्तर ऐकून लगेच उपाय सुचवू नकोस. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल तर डॉक्टरकडे तिला पाठवू नकोस, सोबत जा. आणि स्वतःला इजा करण्याचा किंवा बाळाचं काही करण्याचा विचार मनात येतो असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी जायचं, तिला एकटी सोडायचं नाही.

तोपर्यंत एक कर. आज रात्रीपासून आलटूनपालटून एकाने सलग पाच तास झोपायचं, दार बंद करून. बाळ अंगावर पीत असेल तर ती झोपण्याआधी पाजेल, नंतरचं तू सांभाळ. तो रडेल. तू त्याला घेऊन फेऱ्या घाल. तुझ्या खांद्यावरही तो शांत होतो हे त्यालाही कळायला हवं, आणि तुलाही.

पुढच्या पत्रात थोरलीच्या दुपारच्या झोपेचं काय झालं ते कळव. पण त्याआधी, या आठवड्यातच, बायको काय म्हणाली ते दोन ओळींत लिही. मी वाट बघतेय.