मुलगी कुणाच्या टॅक्स रिटर्नवर?

प्रश्न : आमचा घटस्फोट २०२२ मध्ये न्यू जर्सीत झाला. मुलगी नऊ वर्षांची आहे. ती माझ्याकडे राहते. दर बुधवारची रात्र आणि एक आड एक वीकेंड बाबांकडे. कोर्टाच्या आदेशात लिहिलंय की टॅक्ससाठी सम वर्षी ती त्यांची डिपेंडंट (म्हणजे रिटर्नवर अवलंबून म्हणून दाखवायची), विषम वर्षी माझी. २०२५ चं माझं रिटर्न ई-फाइल केलं तर परत आलं, कारण तिचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर लागलाय. त्यांना फोन केला तर म्हणतात, 'तूच सही करून दिली होतीस.' आता काय करायचं?

उत्तर : आधी ती सही कशावर केली होती ते शोधा. तुमचं यंदाचं सगळं त्या एका कागदावर अवलंबून आहे.

कोर्टाचा आदेश काय म्हणतो याच्याशी आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, फारसं देणंघेणं नसतं. ते रात्री मोजतात. वर्षातल्या जास्त रात्री मूल ज्याच्याकडे झोपलं तो कस्टोडियल पालक, आणि मुलावर पहिला हक्क त्याचा. रात्री अगदी समसमान निघाल्या तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याचा. तुमच्या वेळापत्रकात चौदांपैकी चार रात्री बाबांकडे, म्हणजे वर्षाला साधारण १०४, तेव्हा तिथे वादच नाही. मुलगी उन्हाळ्यात सहा आठवडे पुण्याला आजी-आजोबांकडे राहिली असेल तर त्या रात्रीही वाया जात नाहीत. एरवी ती रात्र ज्याच्याकडे गेली असती त्याच्या खात्यात ती धरतात. मैत्रिणीकडचा मुक्काम आणि कॅम्प यांनाही हाच नियम.

हा हक्क दुसऱ्या पालकाला द्यायचा तर कस्टोडियल पालकाने फॉर्म ८३३२ वर सही करायची असते. २००८ नंतरच्या घटस्फोटांत आदेशाची पानं जोडून चालत नाही, फॉर्मच लागतो, आणि ज्याला हक्क मिळालाय त्याने तो दर वर्षी आपल्या रिटर्नसोबत पाठवायचा असतो. फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात एकाच वर्षाचा हक्क सोडता. दुसऱ्या भागात पुढच्या वर्षांचा, आणि तिथे ठरावीक वर्षं लिहिता येतात किंवा 'यापुढची सगळी वर्षं' असंही लिहिता येतं. तिसरा भाग दिलेला हक्क मागे घेण्याचा. घाईत दुसऱ्या भागावरही सही होते आणि घोळ नेमका तिथे होतो.

तुम्ही पहिल्या भागात फक्त २०२४ साठी सही केली असेल तर त्यांचा यंदाचा दावा उभाच राहत नाही. अशा वेळी आयआरएसच्या साइटवर खातं उघडून आयपी पिन घ्या. रिटर्न तुमचंच आहे हे पटवणारा हा सहा आकडी नंबर असतो. तो घालून तेच रिटर्न पुन्हा ई-फाइल करा. मुलाचा नंबर आधी लागलेला असला तरी पिन असलेलं दुसरं रिटर्न २०२५ च्या हंगामापासून स्वीकारतात. पिन मिळत नसेल तर रिटर्न छापून, सही करून टपालाने पाठवा. १५ एप्रिल जवळ आली असेल तर फॉर्म ४८६८ ने मुदत वाढवून घ्या, पण कर भरायचा निघत असेल तर तो १५ एप्रिललाच भरा. वाढीव मुदत फक्त कागदांना मिळते.

काही महिन्यांनी दोघांनाही सीपी ८७ए नावाची नोटीस येऊ शकते : हेच मूल आणखी कुणी लावलंय, स्वतःचं रिटर्न तपासा. ज्याचं चुकलं त्याने १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्त करायचं. ज्याचं बरोबर त्याने काहीच करायचं नाही. नोटीस पाहून घाबरून आपणच दुरुस्ती भरणारे लोक कमी नाहीत!

दोघंही हटले नाहीत तर पुरावे मागवतात. शाळेचं पत्र लेटरहेडवर हवं, त्यात मुलीचं नाव, तुमचं नाव, घरचा पत्ता आणि तारखा हव्यात. एका करवर्षात दोन शैक्षणिक वर्षं येतात, म्हणून तिसरीचं आणि चौथीचं अशी दोन पत्रं लागतात. एकच पत्र दिलं की अर्धं वर्ष सिद्धच होत नाही. डॉक्टरच्या ऑफिसमधले कागदही चालतात. शाळा सुटल्यावर मुलीला नात्यातलं कुणी सांभाळत असेल तर नुसतं त्यांचं पत्र पुरत नाही, सोबत बाहेरच्याचं आणखी एक लागतं. ठरल्यापेक्षा वेगळ्या गेलेल्या रात्रींची नोंद कॅलेंडरवर त्याच दिवशी करत जा.

दुसऱ्या भागात 'यापुढची सगळी वर्षं' लिहून सही केली असेल, तर आयआरएसच्या लेखी २०२५ त्यांचंच. त्यांनी आदेश मोडलाय, पण त्याची दाद फॅमिली कोर्टात मागायची. अंमलबजावणीच्या अर्जात बुडालेली रक्कम मागा. आणि तिसरा भाग भरून आत्ताच त्यांना पाठवा, पोच मिळेल अशा टपालाने. हक्क मागे घेतल्याची नोटीस २०२६ मध्ये दिली तर ती २०२७ पासून लागू होते. २०२७ तुमचं विषम वर्ष आहे, ते हातचं घालवू नका. आपल्या रिटर्नला त्या फॉर्मची प्रत जोडायची.

उलटही लक्षात ठेवा. सम वर्षी रात्री तुमच्या जास्त म्हणून तुम्ही तिला लावलंत तर आयआरएस मान्य करेल, पण कोर्टाची अवमानना होईल.

आता पैशांचं. फॉर्म ८३३२ ने चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करातून मिळणारी थेट सूट, जातं, २०२५ साठी २,२०० डॉलर. हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचा कर-दर्जा), अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांची सूट) आणि पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट सही केल्यावरही तुमच्याकडेच राहतं, अर्थात त्यांच्या बाकीच्या अटी बसत असतील तर. हेड ऑफ हाउसहोल्डचं २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) २३,६२५ डॉलर, सिंगलचं १५,७५०, म्हणजे तोही मोठा घास. बाबांनी त्यांच्या रिटर्नवर तिच्या नावाने तेही घेतलं असेल तर ते चूकच. शिवाय एकट्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधून दर हजारामागे ५० डॉलर कापले जातात. एका मुलाचं क्रेडिट २ लाख ४४ हजारांवर शून्य होतं. त्यांचा पगार तितका असेल तर हा वाद त्यांच्यासाठी फुकटचा आहे, हे त्यांना आकड्यांसकट दाखवा.

सोशल सिक्युरिटी नंबर नाही, फक्त आयटीआयएन (त्याऐवजी मिळणारा करापुरता नंबर) आहे, अशा आयांचं गणित वेगळं पडतं. २०२५ पासून चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी रिटर्न भरणाऱ्याकडेही कामासाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर हवा. तो नसेल तर मुलापायी आईला फार तर ५०० डॉलर, तेही कर निघत असेल तरच. तिथे एका वर्षापुरती सही करून त्या बदल्यात काही रक्कम लेखी ठरवून घेणं दोघांच्याही फायद्याचं.

आणि रिटर्न परत आलं म्हणून दर वेळी माजी नवऱ्यावरच संशय घेऊ नका. घरात कॉलेजला जाणारं मूल असेल तर उन्हाळी इंटर्नशिपचं रिटर्न त्याने स्वतःच ठोकून दिलेलं असतं आणि 'मला दुसरं कुणी डिपेंडंट दाखवू शकतं' ही खूण करायची राहिलेली असते. २४ च्या आतलं, पूर्णवेळ शिकणारं आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः न उचलणारं मूल सहसा आईबापांच्याच रिटर्नवर येतं. त्याच्याकडून १०४०-एक्स भरून घ्या.