नव्या गाडीला वॅक्स कधी लावायचं? त्याआधी ते कोरडं फडकं बंद करा

तुम्ही विचारलंय की गाडी घेऊन तीन आठवडे झाले, वॅक्स आत्ताच लावायचं की सहा महिने थांबायचं, आणि बाहेरच्या काळ्या प्लास्टिकचं काय करायचं. वॅक्स आजही लावता येईल. कारखान्यातला रंग साधारण 140 अंश सेल्सियसला भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, 'रंग आधी सुकू द्या' हा सल्ला त्याला लागू नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'रोज सकाळी मऊ कापडाने पुसतो, त्यामुळे गाडी स्वच्छच असते.' मी लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

माझी गाडी गडद निळी. नवी होती तेव्हा कामामुळे मी आठवडा-आठवडा बाहेर असायचो आणि गाडी मोठ्या भावाकडे असायची. दादाचा गाडीवर जीव. रोज सकाळी चहाच्या आधी तो ती पुसायचा, कोरड्या सुती फडक्याने, बॉनेटपासून डिकीपर्यंत, गोल गोल हात फिरवत. मी एकदा म्हटलंही, 'दादा, पाणी मारल्याशिवाय पुसू नकोस.' तो म्हणाला, 'अरे, जुनं धुतलेलं कापड आहे, लोण्यासारखं मऊ.' मोठ्या भावाशी किती वाद घालायचा? मी गप्प बसलो. दोन महिन्यांनी रात्री पेट्रोल पंपावर दिव्याखाली उतरलो आणि बॉनेट पाहून पोटात खड्डा पडला. बॉनेटमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. चार हजार किलोमीटरही न चाललेल्या गाडीवर!

दादाचं म्हणणं तेव्हाही हेच आणि आजही हेच: 'कंपनीचाच रंग कच्चा, शिवाय तू वॅक्स लावलं नाहीस.' दोन्ही चूक. कापड कितीही मऊ असो, ओरखडे कापड पाडत नाही, त्याखालची धूळ पाडते. धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते काचेलाही चरा पाडतात, मग रंगावरच्या पारदर्शक थराचं काय? हा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. वॅक्स तर त्याहून कितीतरी पातळ, ते हे कण अडवूच शकत नाही. मी दादासमोर जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर बॉनेटवरचीच धूळ टाकली आणि त्याच्याच फडक्याने पुसली. हुबेहूब तसेच ओरखडे. 'सीडी वेगळी, गाडी वेगळी,' म्हणून तो उठून गेला. तुम्ही घरी करून बघा आणि मला सांगा.

शेवटी मशीनने पॉलिश करून घ्यावं लागलं. लोकांना वाटतं पॉलिश ओरखडे भरून काढतं. ते क्लिअर कोटच घासून खाली आणतं, ओरखड्याच्या तळापर्यंत. दर वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. दाराच्या हँडलमागचे खोल चरे मी तसेच सोडले.

म्हणून धूळ बसली तर बसू द्या. धुवाल तेव्हा सावलीत, बॉनेट गार असताना. आधी नुसत्या पाण्याने माती वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. धुण्याचा मऊ हातमोजा गाडीवरून आला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा शॅम्पूत. छतापासून खाली यायचं, चाकांचं कापड वेगळं. पुसायला मायक्रोफायबर, तेही टिपत, घासत नाही. भांड्यांचा साबण नको, तो लावलेलं वॅक्स काढून टाकतो. पक्ष्याची विष्ठा मात्र त्याच दिवशी, ओलं कापड पाच मिनिटं वर ठेवून, मऊ झाल्यावर उचलायची. तापलेल्या रंगात ती डाग कोरते.

वॅक्स पाणी टिकू देत नाही, मळ लवकर सुटतो, एवढंच त्याचं काम, आणि ते मोलाचं आहे. कार्नौबा, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून मिळणारं वॅक्स, महिना-दोन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच कृत्रिम लेप, त्याहून जास्त. सिरॅमिक कोटिंग विकणारे कडकपणा '9 एच' सांगतात, तो पेन्सिलीच्या शिशाने चरा पडतो का एवढंच बघणाऱ्या कसोटीचा आकडा, त्या भरवशावर कोरडं पुसू नका.

काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागू देऊ नका. खडबडीत पृष्ठभागात अडकून पांढरं पडतं, निघता निघत नाही. कडेला मास्किंग टेप लावा. प्लास्टिकला लावायचं वेगळं द्रावण, ट्रिम ड्रेसिंग, मिळतं, उन्हापासून संरक्षण देणारं घ्या आणि फिकं वाटलं की पुन्हा लावा.

हो, एखादा भाग ठोकर लागून गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला असेल तर तिथे मात्र वॅक्सला थांबा, किती ते रंगवणाऱ्यालाच विचारा. आणि रंग मॅट असेल तर वॅक्स, पॉलिश काहीच नको, चकचकीत चट्टे पडतात.

तुमची गाडी पांढरी आहे म्हणता, म्हणून तुम्हाला ओरखडे दिसत नसतील. दादानेही नंतर पांढरीच घेतली आणि 'बघ, हिला काही होत नाही' म्हणतो. अंधारात मोबाईलची टॉर्च बॉनेटवर तिरकी धरा. त्याच्या गाडीवर मी धरून पाहिली आहे. आहेत.