जुन्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा विझत नसेल, तर तपासणी कुठून सुरू करावी?

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक (जाम) होऊ न देणारी यंत्रणा. केवळ तिचा पिवळा दिवा लागत असेल, तर साधे ब्रेक चालू असतात. मात्र जोरात ब्रेक दाबल्यास चाके लॉक होऊ शकतात, म्हणून पावसाळ्यात कात्रज घाट उतरताना वेग कमी आणि अंतर जास्त ठेवावे. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी चालवू नये.

प्रथम ब्रेक ऑइलची पातळी आणि एबीएसचा फ्यूज पाहावा. त्यानंतर एबीएसचे कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा, कारण स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतात. कोड एखाद्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा असला, तरी लगेच नवा सेन्सर घेण्याची घाई करू नये (गॅरेजमध्ये नेमके तेच सुचवले जाते). पुण्याच्या खड्ड्यांतून आणि चिखलातून फिरलेल्या गाडीत सेन्सरच्या टोकावरील लोखंडी कीस, चाकासोबत फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग ओळखतो ती दातेरी रिंग गंजणे किंवा तिला तडा जाणे, चाकाजवळ घासलेली वायर किंवा ढिला झालेला बेअरिंग हेही कारण असू शकते. जुन्या दोन तारांच्या पॅसिव्ह (बाहेरून वीज न लागणाऱ्या) सेन्सरचा विद्युत रोध मल्टिमीटरने मोजून दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहता येतो. ॲक्टिव्ह (बाहेरून वीज लागणाऱ्या) सेन्सरवर मात्र ही चाचणी करू नये, त्याचा सिग्नल चाक फिरवून स्कॅनरवरच पाहावा.